महिना चार रुपये, हात डावा

गहुंज्याच्या स्टेडियमवर भारतीय संघाला कसोटीत दोनदा धूळ चाटावी लागली, आणि दोन्ही वेळा ती चाटवली डावखुऱ्या संथ फिरकी गोलंदाजाने. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफने दोन्ही डावांत ३५ धावा देऊन ६-६ बळी घेतले. भारत १०५ आणि १०७ धावांत आटोपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि घरच्या मैदानावर सलग १८ कसोटी मालिका जिंकत आलेल्या भारताची घोडदौड थांबली. देहूरोड ओलांडून द्रुतगती महामार्गाकडे निघालं की हे स्टेडियम लागतं. दोन्ही सामन्यांनंतर देहूत आमच्या कट्ट्यावर एकच निष्कर्ष निघाला: "आपल्या मातीला डावरा मानवतो."

मानवणारच. डाव्या हाताने संथ चेंडू टाकून पोट भरायचा धंदा या पुण्यात सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो करणाऱ्या माणसाचं नाव बाळू पालवणकर. हिंदुस्थानातला पहिला थोर गोलंदाज कोण, याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मीही डावखुरा. अण्णा, म्हणजे माझे वडील, देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर होते. डेपोच्या वसाहतीत टेनिसच्या बॉलवर खेळत मोठा झालो. पुढे पिंपरीच्या एका कारखान्यात टेम्पररी म्हणून लागलो, तेही हातात फिरकी होती म्हणून. कारखान्यांच्या आपसांत स्पर्धा असायच्या आणि आमच्या साहेबांना चषक हवा असायचा. दुपारी चारला शॉपमधून सुटका होई. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करायची. माझी फलंदाजी अकराव्या नंबरला, तीही डाव लवकर कोसळला तर. कायम व्हायला मला वर्षं लागली. बरोबरीचे फलंदाज आधी कायम झाले. त्या दिवसांत अण्णा एकदा म्हणाले, "बाळूला तर महिना चार रुपये मिळायचे." तेव्हापासून मी बाळूंच्या मागावर आहे.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावाचं. घराणं चर्मकार. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराला धारवाडला झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने कुटुंब पुण्यात आलं. लष्करातल्या गोऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. घरची परिस्थिती अशी की शाळा सुटली आणि पोरगा मैदानावर कामाला लागला. पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना हवं तेव्हा चार चेंडू टाकायचे, हे त्याचं काम. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमाराला बाळू गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. पगारात एक रुपयाची वाढ झाली आणि कामातही वाढ झाली. रोलर ओढायचा, नेट लावायचं, टेनिस कोर्टावर चुन्याच्या रेघा मारायच्या, आणि साहेब सरावाला आले की गोलंदाजी करायची. या साहेबांत कॅप्टन जे. जी. ग्रेग होता. नाव जॉन ग्लेनी, म्हणून दोस्तांनी त्याचं 'जंगली' केलं होतं. बुटका, मनगटाचा जोरकस, त्या काळच्या हिंदुस्थानातला सर्वांत भरवशाचा गोरा फलंदाज. हा ग्रेग बाकीच्यांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल तो बाळूंना आठ आणे देई, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असेल तर महिन्यात आठ वेळा ग्रेगला बाद केलं की पगार दुप्पट.

मला या गोष्टीतल्या आठ आण्यांपेक्षा तासांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. गोलंदाजी शिकवणारा कुणी नाही, पुस्तक नाही. पण समोर रोज पहिल्या दर्जाचा फलंदाज, आणि स्वतः रोलरने दाबलेली खेळपट्टी. चेंडू कुठे पडला की किती वळतो, ओल किती वेळ टिकते, हे जो झाडूने आणि रोलरने शिकला त्याला टप्पा वेगळा शिकवावा लागत नाही. धाव थोडी, हात सैल, उंची कमीजास्त, वळण दोन्हीकडे, आणि दिवसभर टाकलं तरी टप्पा हलायचा नाही, अशी त्यांची गोलंदाजी घडली. आणि एवढ्या वर्षांत पूना क्लबात बाळूंना एकदाही बॅट हातात धरू दिली गेली नाही.

हे फक्त जातीमुळे झालं असं समजू नका. ते त्या खेळाच्या घडणीतच होतं. इंग्लंडात १८०६ पासून १९६२ पर्यंत 'जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' हा सामना चालला. जंटलमन म्हणजे पैसे न घेता खेळणारा घरंदाज; प्लेअर म्हणजे मजुरीवर खेळणारा. दोघे मैदानात वेगवेगळ्या फाटकांतून उतरत. घरंदाजांनी फटके मारायचे आणि मजुरांनी घाम गाळून चेंडू टाकायचे, ही सर्वसाधारण वाटणी. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स बाळूंच्याच वयाचा, तोही डावखुरा संथ फिरकी गोलंदाज, तोही साध्या घरातला, मजुरीवर खेळणारा. त्याने चार हजारांहून जास्त बळी घेतले. पण इंग्लंडचं कर्णधारपद त्याच्यासारख्यांसाठी नव्हतं. विसाव्या शतकात इंग्लंडने पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडूला कर्णधार केलं ते १९५२ मध्ये, लेन हटनला, आणि योगायोग असा की समोर भारताचा संघ होता. बाळूंना लोक हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत. फरक एवढाच की ऱ्होड्सच्या पाठीवर फक्त वर्गाचं ओझं होतं.

चाकणच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याबरोबर एक जपानी इंजिनिअर होता. बेसबॉलचा वेडा. जेवणाच्या सुट्टीत शेडमागे चेंडू फेकत बसायचा. त्याच्या देशात शाळेच्या संघात एक नंबरचा शर्ट पिचरला देतात, हे त्याने मला अभिमानाने सांगितलं. चेंडू टाकणारा माणूस संघाचा राजा! व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना कुठल्या पिचरचा आहे हे आधी जाहीर होतं आणि लोक ते नाव बघून येतात. मी अकराव्या नंबरचा माणूस. मला हे ऐकून गंमत वाटली आणि थोडा मत्सरही.

पण राजाचं सिंहासनही सगळ्यांना खुलं नव्हतं. अमेरिकेतला सॅचेल पेज हा सार्वकालिक थोर पिचरांपैकी एक. जन्म १९०६. तो काळा, म्हणून त्याने उमेदीची सगळी वर्षं काळ्यांच्या वेगळ्या लीगमध्ये आणि गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांत काढली. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने गोऱ्यांच्या मेजर लीगची भिंत फोडली आणि पुढच्या वर्षी क्लीव्हलँडच्या संघाने पेजला घेतलं, तेव्हा त्याने बेचाळिशी गाठली होती. त्या वर्षी त्याने सहा सामने जिंकून दिले, एकच गमावला, आणि क्लीव्हलँड जगज्जेता झाला. पेजला दाराबाहेर ठेवलं. बाळूंना मैदानात घेतलं आणि चहाच्या वेळी दाराबाहेर ठेवलं. या दोन तऱ्हांपैकी कुठली जास्त क्रूर, हे मला ठरवता येत नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. ग्रेगला रोज चकवणारा माणूस गावातच होता, पण तो चर्मकार. क्लबात वाद झाला. काहींचा विरोध, काहींचा आग्रह; शेवटी जिंकण्याची हाव सोवळ्याला भारी पडली आणि बाळू संघात आले. चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, कारण कातड्याच्या त्या चेंडूला हात न लावता क्रिकेट खेळता येत नाही. पण चहाची वेळ झाली की बाकीच्यांना पवेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा, आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की ते फोडून टाकायचं. जेवणाचं पान वेगळं, जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी द्यायचं तेही त्यांच्यासारख्याच अस्पृश्य नोकराने.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टी दाबून तयार केली, असं सांगतात. बाळूंनी सात बळी घेतले. रोलरचं काम ज्याने वर्षानुवर्षं केलं त्याला रोलरने हरवायला निघाले होते! या विजयांनंतर पुण्यात बाळूंचा जाहीर गौरव झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर चहा प्यायला आणि जेवायला हरकत काय, अशा आशयाचं न्यायमूर्ती रानडे यांनी तेव्हा सुनावलं, अशी आठवण नोंदलेली आहे.

प्लेगने पुणं उठवलं आणि १८९६-९७ च्या सुमाराला बाळू मुंबईला गेले. मुंबईत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातही जागा मिळाली. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातही सुरुवातीला कुरकुर झाली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी सभासदांना वळवलं. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांच्या संघाला मुंबईत १०९ धावांनी हरवलं. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. ज्यांच्यासाठी रेघा मारल्या, नेट लावलं, त्यांना हरवायला बाळूंना चौदा वर्षं लागली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात दोघा भावांना इतरांबरोबर बसून जेवता येऊ लागलं होतं आणि समाजसुधारकांच्या वृत्तपत्राने त्याचंही जाहीर कौतुक केलं. पुण्याहून मुंबई एवढी पुढे होती.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान एका संघात. निकाल वाईटच लागले. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांत २ विजय आणि १० पराभव. महाराजांचं लक्ष लंडनच्या मेजवान्यांत जास्त होतं. या पडझडीत पस्तिशीचे बाळू एका टोकाने टाकत राहिले. दौऱ्यातल्या सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी. त्यांतले ७५ प्रथम दर्जाच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी. दौऱ्यात हिंदुस्थानची लाज राखली ती याच हाताने. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या वेळचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने लिहिलं होतं. त्या पिढीतल्या पोरांपुढे आपला म्हणावा असा नायक पहिल्यांदा उभा राहिला होता.

आता कर्णधारपदाकडे येतो, कारण माझं म्हणणं तिथे आहे.

१९१० नंतर जवळजवळ दरवर्षी बाळूंना हिंदू संघाचं कर्णधारपद मिळावं म्हणून त्यांचे चाहते खटपट करत. दरवर्षी ते दुसऱ्या कुणाला मिळे. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी तर सत्काराच्या सभेतच सांगितलं की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंना मिळायला हवा होता. पै सारस्वत ब्राह्मण. माणूस मोठा, पण मान त्यांच्याकडेच राहिला. बाळू बळी घेत राहिले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येकी जेमतेम १५ धावा देऊन. एवढं करूनही नाणेफेकीला जाण्याचा हक्क मिळाला नाही.

१९२० मध्ये गाठ सुटायला लागली, ती बळींमुळे नव्हे. त्या वर्षी हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या चौरंगी स्पर्धेसाठी बाळूंना संघातून वगळलं. कर्णधार पै आजारी, म्हणून पहिल्या सामन्यापुरता कर्णधार हवा होता. बाळूंचा धाकटा भाऊ विठ्ठल हा त्या वेळचा उत्तम फलंदाज आणि ज्येष्ठही. निवड समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांना नेमलं. देवधर मोठे खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून नाव काढून घेतलं आणि का काढलं ते वृत्तपत्रांत जाहीर केलं: आम्हाला डावललं जातं ते खेळामुळे नव्हे, जातीमुळे. मुंबईत खळबळ उडाली. वृत्तपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा ठराव होत होता. हवा बदलत होती. अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले, आणि बाळूंना बोलावून उपकर्णधार केलं. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. चार रुपयांवर रोलर ओढणाऱ्या माणसाने पंचेचाळिशीला येऊन क्षेत्ररक्षण लावलं. त्यांचा हा शेवटचा मोसम.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. 'माझे क्रीडा-जीवन' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र १९४८ मध्ये प्रसिद्ध झालं. क्रिकेटची आवड असलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते शोधून वाचावं. तर माझं म्हणणं इतकंच. गुणवत्तेने माणसाला मैदानापर्यंत नेलं. त्यापुढचं अंतर, पवेलियनच्या पायऱ्यांपासून नाणेफेकीपर्यंतचं, १७९ बळींना कापता आलं नाही. ते कापलं दोन भावांच्या एका जाहीर नकाराने. 'खेळून दाखव, आपोआप मान मिळेल' असं पोरांना सांगणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाने ही गोष्ट पुरी सांगायला हवी.

बाळूंचं पुढचं आयुष्य राजकारणात गेलं आणि तिथे ते आंबेडकरांच्या समोर उभे राहिले. १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याला झालेल्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत, पण बाळूंचा कल संयुक्त मतदारसंघाकडे, काँग्रेसकडे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. ज्याचं मानपत्र लिहिलं त्याच्याशीच लढावं लागलं. आमच्या वस्तीत बाळूंचं नाव फारसं का घेतलं जात नाही, याचं कारण ही निवडणूक आहे, असं मला वाटतं. अण्णांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या बुद्धविहारात बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना होताना गर्दीत उभं राहून पाहिलं होतं. अण्णांच्या मनात बाबासाहेबांविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाला माफी नव्हती. तरी मी गोलंदाजीत रडकुंडीला आलो की ते बाळूंचंच नाव काढायचे. मतभेद मतभेदाच्या जागी ठेवता येतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.

आज गहुंज्याला परदेशी संघ आले की आसपासच्या क्लबांतली पोरं नेटमध्ये गोलंदाजी करायला जातात. भत्ता मिळतो, मोठ्या खेळाडूबरोबर फोटो मिळतो. फलंदाजी त्यांनाही कुणी देत नाही, आणि सरावात ते अपेक्षितही नाही. पण त्यांतला एखादा पुढे जातो, हेही खरं. या पोरांना आपल्या धंद्याचा पूर्वज माहीत असावा. स्टेडियमच्या दोन्ही टोकांकडून गोलंदाज धावत येतात. त्यांतल्या एका टोकाला बाळू पालवणकरांचं नाव द्यावं, अशी माझी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला विनंती आहे. त्याला खर्च रंगाच्या एका डब्याचा आहे.